ज्वालामुखीवरचा खुरूज

कतारमध्ये शिरणं सोपं, बाहेर पडणं अवघड. २००६ सालची गोष्ट सांगतोय. तेव्हा नुसता पासपोर्ट आणि तिकीट घेऊन विमानात बसता येत नसे. मालकाच्या सहीचा खुरूज लागायचा, म्हणजे देशाबाहेर जायचा परवाना. आई वारली तरी आधी मालक शोधा, तो वाळवंटात ससाणे उडवायला गेला असेल तर तो येईपर्यंत रडणं आवरा, मग विमानतळ गाठा.

हे परवाने काढण्यात नसरुद्दीन होडेकरसारखा माणूस अख्ख्या दोह्यात नव्हता. रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा, पन्नाशीला टेकलेला. द पर्ल या नव्याने उभ्या राहणाऱ्या वसाहतीच्या टॉवरांत एसीचे डक्ट बसवणाऱ्या एका कंपनीत तो मंदूब होता, सरकारी खिडक्यांवर कंपनीचे कागद फिरवणारा माणूस. अरबी शिकला ती खिडकीवरच्या शिव्या ऐकून. अकरा वर्षांत त्याने हजारभर लोकांना देशाबाहेर पाठवलं, आणि स्वतः चार वर्षं घरी गेला नव्हता. कंपनीचं कारण सरळ होतं. तो रजेवर गेला तर बाकीच्यांचे खुरूज भरणार कोण?

आम्ही चारपाच जण सुट्टीच्या दिवशी दोह्याबाहेरच्या अल वक्र्यात एका मेसच्या मागच्या खोलीत बसून कामगारांच्या तक्रारी लिहून द्यायचो. नसरुद्दीन तिथे चहाला यायचा आणि आमचे अर्ज वाचून हसायचा. मजकूर झकास आहे, म्हणायचा, पण रकाना चुकलाय. माझं डोकं फिरायचं. रकाना खरोखरच चुकलेला असायचा.

त्या वर्षी त्याच्या मुलीचा, हुस्नाचा निकाह ठरला. आमंत्रण मलाही होतं. मुलगा रेहान जहाजावर नोकरीला. शुक्रवारी निकाह, रविवारी मुंबईहून जहाज, मग नऊ महिने पाणी. तारीख हलवायला जागाच नव्हती. नसरुद्दीनने दोन महिने आधी रजेचा अर्ज टाकला. मॅनेजर होते संजीव गद्रे, पुण्याचे. हा माणूस कधी कुणाला 'नाही' म्हणाला नाही. तो 'बघू' म्हणायचा. पुण्याहून आणलेल्या या शब्दाची इथल्या इन्शाल्लाशी छान सोयरीक जमली होती. दोन महिने त्यांनी बघितलं.

निकाहला दहा दिवस उरले तेव्हा गद्रे साहेबांनी नसरुद्दीनला केबिनमध्ये बोलावलं. पंख्यांच्या कुठल्याशा सप्लायरने खूश होऊन गद्रे धरून कंपनीच्या पाच साहेबांना जावा बेटाची टूर दिली होती. मुख्य आकर्षण, वाटाड्यासोबत एका जागृत ज्वालामुखीची दिवसभराची चढाई. टीम बिल्डिंग. शनिवारी जायचं, गुरुवारी रात्री परत. आणि सहावा माणूस नसरुद्दीन.

तो कशाला? पाचांतल्या दोघांना दुसऱ्या कंपन्यांनी बोलावणं धाडल्याची कुणकुण साहेबांना होती. पासपोर्ट हातात पडला तर जावातूनच पसार होतील. म्हणून सगळे पासपोर्ट एका बॅगेत आणि बॅग नसरुद्दीनच्या गळ्यात. कंपनीत एवढा एकच भरवशाचा माणूस, म्हणे. भरवशाचा म्हणजे कधी काही न मागणारा, हे मी माझ्याकडून सांगतो.

नसरुद्दीनने निकाहची आठवण करून दिली.

"डेट पुढे घ्या की," गद्रे साहेब म्हणाले. "आमच्यात मुहूर्ताची भानगड असते. तुमच्यात तसं काही नसतं ना?"

गुरुवारी रात्री दोह्यात उतरायचं, नवा खुरूज काढायचा, आणि शुक्रवारी सगळ्या खिडक्या बंद. हे गणित त्याच्याइतकं कुणाला कळत होतं? घरी फोन केला. निकाहला मुलीच्या वतीने संमती देणारा वली म्हणून बापच बसायचा असतो. बायको फरजाना म्हणाली, "बापूस जिता असून चुलता वली म्हणून बसनार. मग तुमचा फोटू लावू काय भिंतीला?"

त्याने सहा परवाने भरले. पाच साहेबांचे आणि सहावा स्वतःचा. कारणाच्या जागी लिहिलं, पहाड चढणे. मालकाने दोन फोनांच्या मधे, न वाचता, सहाही कागदांवर सही ठोकली. चार वर्षं मुलीला भेटण्यासाठी मागितलेली सही पहाडासाठी अर्ध्या मिनिटात मिळाली.

पुढचं मी नसरुद्दीनकडून आणि त्या पाचांतल्या एकाकडून, असं दोन्हीकडून ऐकलंय. मंगळवारी पहाटे ते डोंगराच्या पायथ्याशी पोचले. तिथे पत्र्याची चौकी होती आणि वाटाड्या एक जाडं रजिस्टर उघडून बसला होता. रबरी बूट घातलेला, काटकुळा माणूस. प्रत्येकाने आपलं नाव, पासपोर्ट नंबर लिहायचा आणि खाली सही, की मी माझ्या मर्जीने चढतोय. नसरुद्दीनने सवयीने रजिस्टर पुढ्यात ओढलं आणि सहा जणांचं भरायला घेतलं. वाटाड्याने त्याच्या हातातून पेन काढून घेतलं. ज्याचं त्याने. पाच साहेबांनी लिहिलं, मग नसरुद्दीनची पाळी आली. त्याने नाव लिहिलं, नंबर लिहिला, पान उलटंपालटं केलं.

"मालकाच्या सहीची जागा कुठाय?"

"कुणाचा मालक?" वाटाड्याने तोडक्या इंग्रजीत विचारलं.

"माझा."

वाटाड्याने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा डोंगराकडे. "वर तू चढणार ना? मग सही तुझी."

साहेब लोक पोट धरून हसले. गद्रे सगळ्यांत मोठ्याने. त्यांच्या स्वतःच्या खुरुजावरही मालकाची सही होतीच, पण एसीत बसणाऱ्याला ती दिसत नाही.

चढाई तीन तासांची. गद्रे साहेबांनी पहिला तासभर वाटाड्याला सह्याद्री शिकवला. आम्ही पावसात कुठले कुठले कडे चढलोय, दोर न लावता. दुसऱ्या तासाला राख लागली, दोन पावलं चढावं तर एक पाऊल घसरावं, आणि सह्याद्री आपोआप संपला. वर गंधकाचा वास, नासक्या अंड्यांचा, डोळ्यांतून पाणी. शेवटी कडा आला. खाली पांढरा धूर, आणि धूर फाटला की तळाशी लाल निखारा. कड्यापासून वीस पावलं अलीकडे दोर बांधला होता. वाटाड्या म्हणाला, इथपर्यंतच.

गद्रे साहेबांना कंपनीचा बॅनर धरून दोराच्या पलीकडे फोटो हवा होता. वाटाड्या नाही म्हणाला. त्यांनी व्हिजिटिंग कार्ड दाखवलं. नाही. सप्लायरचं पत्र काढलं. नाही. मग त्यांनी फर्मावलं, तुझ्या मालकाशी बोलणं करून दे.

वाटाड्याने धुराकडे बोट दाखवलं. "मालक आत आहे. जाऊन विचारा."

तेवढ्यात आतून गडगडलं, आणि मुठीएवढे चारदोन दगड दोराच्या पलीकडे येऊन पडले. सगळे मटकन खाली बसले. गद्रे साहेब बॅनरवर पालथे.

"गद्रे साहेबांना कुणीतरी तोंडावर नाही म्हणालं, आणि आभाळ कोसळलं नाही," नसरुद्दीन मला नंतर सांगत होता. "थोडे दगड पडले, इतकंच."

तिथेच, राखेत बसल्याबसल्या, छातीवरची बॅग चाचपताना त्याला सुचलं. खुरूज लागतो कतारबाहेर पडायला, आणि आपण तर बाहेरच आहोत. आपल्या मुलखात शिरायला कुणाच्या बापाची सही लागत नाही. हजार लोकांचे परवाने भरणाऱ्याला हे कळायला दोन हजार कोस दूर येऊन डोंगर चढावा लागला. आणि ज्याने चार वर्षं दार लावून धरलं, त्यानेच पासपोर्टाची बॅग वाहायला माणूस हवा म्हणून ते उघडलं होतं.

खाली चौकीपाशी येताच नसरुद्दीनने बॅग उघडली आणि ज्याचा पासपोर्ट त्याच्या हातात द्यायला सुरुवात केली.

"हे काय चाललंय, नसरुद्दीन?"

"मी इथूनच मुंबईला जातोय, साहेब. शुक्रवारी पोरीचा निकाह आहे."

"परवानगी कुणी दिली तुम्हाला?"

"खुरूज आहे ना, सहीसकट. परत कधी यायचं, हे त्यात लिहावं लागत नाही."

"नोकरी जाईल, सांगून ठेवतो. आणि मी तुम्हाला घरचा माणूस समजत होतो."

"मग निकाहला या की," नसरुद्दीन म्हणाला. "पासपोर्ट तर दिलाच तुमच्या हातात."

हुस्नाच्या बांगड्यांसाठी साठवलेले पैसे तिकिटात गेले. साहेबांना ज्यांची धास्ती होती त्या दोघांपैकी एकही पळाला नाही. संध्याकाळी हॉटेलात दोघांनी आपापला पासपोर्ट नेऊन गद्रे साहेबांच्या हातात ठेवला. इंजिनिअर माणसं, शिस्तीची.

शुक्रवारी उजाडताना नसरुद्दीन घरी पोचला तेव्हा त्याच्या बुटांत राख होती. जुम्म्याच्या नमाजानंतर निकाह झाला. मुलीचा वली म्हणून बापच बसला. फरजानाने त्याच्याकडे बघून एवढंच विचारलं, आंघोळ केली होती ना.

दोन आठवड्यांनी कंपनीने त्याचा व्हिसा रद्द केला, आणि नियमाप्रमाणे दोन वर्षं कतारबंदी. मी इकडे संतापलो, अर्ज लिहायला घेतला, त्याला फोन लावला. तो घराच्या पडवीत जावयाने आणलेल्या खुर्चीत बसून होता.

"राहू द्या ओ," तो म्हणाला. "चार वर्षं बाहेर सोडत नव्हते, आता दोन वर्षं आत घेत नाहीत. मला नक्की कुठं ठेवायचं ते त्यांना एकदा बसून ठरवू दे."

मग त्याने फोन हुस्नाच्या हातात दिला. निकाहला का आला नाहीत, म्हणून ती मलाच झापायला लागली.