न धुता, न पुसता

हॉटेलातल्या खोल्या साफ करणाऱ्या त्या बाईला सगळे लखलख म्हणत. तिने पुसलेल्या आरशावर बसायला माशीही लाजायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि चाळिशी उलटल्यावर तिचा जीव जडला कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्यावर. जडला तर जडला, त्यात कुणाच्या बापाचं काय जातं!

एका संध्याकाळी किल्लीवाला मान खाली घालून म्हणाला, "मला अधूनमधून हर्पीसचे फोड उठतात. खाली. आधी सांगायला हवं होतं."

"आधी म्हणजे केव्हा रे? गेल्या आठवड्यात दाराला कडी घातलीस तेव्हा?"

तो म्हणाला, "मी लग्नाला तयार आहे."

"तयार! मोठे उपकार करतोस. माझ्या अंगात काय आहे ते मला आधी कळू दे. मग हो की नाही ते सांगीन. घाबरून हो म्हणायची नाही मी, आणि रागाच्या भरात नाहीही म्हणायची नाही."

दुसऱ्याच दिवशी तिने तपासायला रक्त दिलं. काही निघालं नाही. धाकटी बहीण नाचायचीच बाकी होती. "सुटलीस गं ताई!" पण लखलखचा जीव काही भांड्यात पडेना. कागद घेऊन ती डॉक्टरबाईंकडे गेली.

"घाई केलीत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "लागण झाली तरी रक्तात दिसायला तीन-चार महिनेही लागतात. या कागदावर विसंबू नका. फोड आला तर मात्र लगेच या, ताज्या फोडातून लवकर कळतं."

चारच दिवसांत फोड आले. मांडीच्या वर, मोहरीएवढे, आणि नुसती आग आग. आता ही बाई डॉक्टरपुढे अशी कशी जाणार? तिने साबणाने घासून धुतलं, जंतुनाशक लावलं, वर मलम थापलं, सगळं सुकू दिलं आणि कडक इस्त्रीचे कपडे घालून गेली. नमुन्यात काहीच सापडलं नाही.

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "पुरावाच पुसून आलात की हो! सापडलं नाही म्हणजे आजार नाही, असं समजू नका. पुन्हा उठलं तर असाल तशा या. न धुता, न पुसता."

घरी बहीण वैतागली. "दोनदा नाही आलं ना? मग आता किती उकरत बसशील?"

"खरं हाती लागेपर्यंत."

त्या दिवसांत किल्लीवाला दिसला की ती रस्त्याच्या पलीकडूनच मान हलवायची. तो दुकानात बोलवायचा, ही आपली चालायला लागायची.

मग एके दिवशी सकाळी, हॉटेलात चादर घालताना, तीच आग पुन्हा सुरू झाली. न्हाणीघर दोन पावलांवर, साबण समोर. हात शिवशिवले. तिने ते पाठीमागे घट्ट धरले आणि देखरेखीच्या बाईंकडे गेली. "मी दवाखान्यात जाते."

"पलंग अर्धा टाकून? तू?" बाईंचा कानांवर विश्वास बसेना.

"अर्धा टाकून."

घामेजलेली, कामाच्या एप्रनातच ती डॉक्टरबाईंसमोर उभी राहिली. लाजेने कानशिलं तापली होती, पण पडद्यामागे गेली ती गेलीच. थोड्या दिवसांनी निकाल आला. हर्पीस होता.

"हे तरी पक्कं?"

"पक्कं. फोडातच सापडलाय. मुळासकट जात नाही, पण गोळ्या आहेत, आणि पुष्कळ माणसं तो घेऊन छान जगतात."

बहिणीने डोळ्यांना पदर लावला. "करून टाक आता लग्न. तुला आता दुसरं कोण विचारणार?"

लखलख उठली. तडक दुकानात गेली. सगळं ऐकून किल्लीवाल्याने सुटकेचा निःश्वास सोडला. "मग आता अडचण कसली? आपण दोघं सारखेच झालो."

तेवढ्या एका वाक्याने तिचं ठरलं.

"सारखे कसे? तू मला न सांगता जवळ आलास. माझ्या जवळ जो येईल त्याला मी आधी सांगणार आहे."

"म्हणजे नाही?"

"नाही."

"रागावलीस?"

"राग केव्हाच विरला. पुढच्या बाईला मात्र आधी सांग." एवढं ती हळूच बोलली, बाजूच्या गिऱ्हाईकाला ऐकू जाऊ नये म्हणून. मग डॉक्टरबाईंची चिठ्ठी काढून ती औषधाच्या दुकानाकडे वळली.