टांझानियातला बिनशिट्टीचा कुकर

रविवारी सकाळी मंगळवार पेठेतल्या आमच्या स्वयंपाकघरातून थेट टांझानियाला व्हिडिओ कॉल लागला... आणि विषय काय, तर कुकर!

आमच्या माडीवर नीमा भाड्याने राहते. टांझानियाची पोरगी, इथे एमएस्सी करते. तिच्या घरी कोळशाची शेगडी, त्यावर राजमा शिजायला निम्मा दिवस जातो. कोळसा महागला तसा तिच्या आईने राजमा करणंच सोडलं... म्हणजे धाकट्या भावंडांच्या ताटातून तो गेलाच. म्हणून नीमाने गेल्या सुट्टीत इथून मुद्दाम कुकर नेला.

पण आईची तक्रार एकच, तुझा कुकर पातेल्यापेक्षा जास्त कोळसा खातो! ती तो कुणाला तरी देऊन टाकायला निघाली होती आणि इकडे नीमा रडकुंडीला आलेली. मला मात्र कोडंच पडलं... कुकर इथूनतिथून सारखाच, मग तिकडे जाऊन त्याला झालं काय?

आमच्या आईने चष्मा लावून फोन हातात घेतला. पडद्यावर कुकरमधून वाफ भसाभसा बाहेर पडत होती.

"अगं पोरी, शिट्टी कुठाय की ह्याची?"

नीमाने स्वाहिलीत विचारलं आणि उत्तर सांगताना स्वतःच लाजली. शिट्टी तिच्या आईनेच काढून ठेवली होती... मुद्दाम! शिट्टी झाली की अख्ख्या आळीला कळणार, आज या घरी राजमा आहे. आणि जेवायच्या वेळी दारात आलेल्याला वाढायचंच, ही त्यांच्याकडची रीत. सगळ्यांना पुरवायचं कुठून?

मला हसू येत होतं, पण आई हसली नाही. "बरोबर हाय की तिचं. पर शिट्टीबिगर शिजायचं न्हाय, म्हणावं. वाजू दे एकदा. आलं कोण तर बघू."

बघू म्हणायला आमच्या आईचं काय जातंय... निस्तरायचं त्या माउलीला होतं! दोन दिवस माझ्या डोक्यातून तो कुकर काही जाईना.

काल संध्याकाळी नीमा जिन्यावरून धडधडत खाली आली. परवा शिट्टी वाजली, थोडक्या कोळशात राजमा शिजला आणि व्हायचं तेच झालं... शेजारच्या तिघी दारात हजर. तिच्या आईने होतं त्यातलंच थोडंथोडं सगळ्यांना वाढलं.

दुसऱ्या दिवशी त्याच तिघी परत आल्या. या वेळी प्रत्येकीकडे आपापला भिजवलेला राजमा होता आणि पदरचा कोळसा. आमचाही लावून दे, म्हणाल्या!

कुकर आता कुणालाच द्यायचा नाही, असं नीमाच्या आईने बजावून सांगितलंय. धाकट्यांनी काल मागून मागून राजमा खाल्ला म्हणे... ते ऐकून इथे आम्हालाच जेवल्यासारखं वाटलं.