किलोच्या आतला मासा

साक्रीकडच्या आमच्या धरणावर अक्का भेटल्या की रामराम नंतर. आधी त्या तुमच्या जाळ्याच्या भोकात चार बोटं घालून पाहायच्या. बोटं सहज गेली तर हसायच्या, अडकली तर विचारायच्या, "तुले नेमकं काय जोयजे?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, साध्या प्रश्नानं घाम फोडणारी. मी गडचिरोलीकडचा, आठवीत शाळा सोडून इकडे मासे धरायला आलेला. मला तेव्हा एवढंच पाहिजे होतं, की कुणी परत जा म्हणू नये.

अक्का मच्छीमार संस्थेच्या अध्यक्ष. धरणाच्या तळ्यात माशांचं बीज सोडायच्या आधी, तळ्याकडून आपल्याला काय पाहिजे ते बैठकीत ठरलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. धुळ्याच्या व्यापाऱ्याला ताटाएवढा कटला हवा, बायांना सुकवायला बारीक मासळी, पोरांना रोज बाजारात विकता येईल असा मासा. म्हातारे नाना म्हणाले, मला फक्त ही बैठक संपायला पाहिजे. अक्का म्हणाल्या, ते मंजूर, आता बाकीच्यांचं बोलू.

चहा दोनदा झाला, भांडण एकदा. शेवटी ठरलं, तळ्यात मोठा मासा दिसला पाहिजे. म्हणून किलोच्या आतला रोहू-कटला धरायचा नाही, पावसाळ्यात मासा अंडी घालायला चढतो त्या ओढ्याच्या तोंडाशी जायचं नाही, बारीक जाळी बंद. काठावरचे झिंगे बायांना मोकळे.

सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. खाली घेताना आठवलं, माझ्याकडे एकच जाळं, तेही बारीक.

सकाळी पिशवी भरून निरोप घ्यायला गेलो. अक्का कळण्याची भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, स्वतःच्याच पोटावर पाय द्यायला हात वर करणारा पहिलाच पाहिला. मग तव्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "मनं जाळं घरमा पडेल शे. ते लई जा."

त्यांचं जाळं मोठ्या भोकांचं, चार बोटं सहज जाणारं. "परत कधी देऊ, अक्का?"

"मासा मोठा व्हयना की."

मासा मोठा झाला, पण तोवर अक्का गेल्या होत्या. त्यांच्याच जाळ्यात पहिला दांडगा कटला आला, तेव्हा जाळं धुतलं, फाटलेलं विणलं आणि दोन्ही घेऊन त्यांच्या घरी गेलो. सून म्हणाली, जाळं राहू द्या दादा तुमच्याकडेच. मासा मात्र तिनं ठेवून घेतला आणि थोडा शिजवून मला डब्यात दिला.

डबा घेऊन मी काठावर बसलो. पाणी शांत होतं. मधूनच आत काहीतरी मोठं उसळायचं.