कुणी शिकवलं नाही

१६ नोव्हेंबर १९८६, रविवार, परभणी. सकाळी बरीच थंडी. कावेरीबरोबर एसटीने सोनपेठला जाऊन आले. वेणूला आणलं.

कावेरी माझी भाडेकरू, जिल्हा परिषदेत कारकून. नवरा अनंतराव येलदरीच्या वीज केंद्रात. लेक वेणू सव्वा वर्षाची असताना कावेरीची रजा संपली, म्हणून तिला सोनपेठला मोठ्या जाऊबाईंकडे, पार्वतीबाईंकडे ठेवलं. त्यांना मूल नाही. थोडेच दिवस, असं ठरलं होतं; त्याला वर्ष होऊन गेलं. कावेरी महिन्यातून एकदा जायची, अनंतराव सुटी मिळेल तेव्हा.

आज आम्ही अंगणात पाय ठेवला तशी वेणू आत पळाली. "आई, कावेरी आली!"

पार्वतीबाई ओशाळून हसल्या. "आमी काय शिकीवलं न्हाई वो काकू. आपसूक म्हनायलीय."

मला ते खरं वाटलं. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात मीही कुणी शिकवण्याआधीच इंग्रजी बोलू लागले होते. सारखं कानावर पडायचं तेच तोंडून यायचं. ज्या शब्दाबरोबर जो चेहरा रोज दिसतो, तो शब्द लेकराला त्या चेहऱ्याचाच वाटतो.

कावेरीने अजून चप्पल काढली नव्हती. "शिकवलं नाही, मान्य. पण 'तुझी आई परभणीला आहे' असं या घरात कोण म्हणतं?"

तांदूळ निवडता निवडता कावेरीच्या सासूबाई म्हणाल्या, "हाक मारायला घरात आई लागती लेकराला. तू हायस का हितं? हापिसातल्या खुर्चीवर ऐकू येती का हाक?"

"आणि हे इथे आले की काय म्हणतात?" कावेरीने विचारलं.

"भावजीच तर म्हन्तात," पार्वतीबाई पटकन बोलून गेल्या, "जा आईकडं, आईला पानी माग."

कावेरी ओट्यावर बसली. सासूशी, जावेशी ती भांडली असती. पण हेच अनंतराव परभणीला येऊन तिला सांगायचे, वेणू तुझी फार आठवण काढते.

तिने वेणूचे कपडे गोळा केले. कुणी अडवलं नाही.

गंगाखेडपर्यंत वेणू "आई, आई" करून रडली. शेजारची बाई म्हणाली, "अवं बाई, नीट जवळ घ्या की. आईला बोलवायलीय ती."

"घेतलंय," कावेरी म्हणाली.

उद्यापासून वेणू दिवसा माझ्याकडे. गवळ्याला अर्धा लिटर दूध जादा सांगितलं.