थोडं सरकता का?

लिफ्टमास्तर आठवडाभर बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करत आणि रविवारच्या पुरवणीत नव्या भयकथांची आणि विज्ञानकथांची परीक्षणं लिहीत. त्यांची रीत ठरलेली होती. पुस्तक कुठल्यातरी इमारतीच्या मशीनरूममध्ये, डबा खाताना वाचायचं. तिथे अंधार, तेलाचा वास आणि मोटरीची गुरगुर. एवढी आयती सोय असूनही अंगावर काटा आला नाही, तर पुस्तक नापास. गेल्या काही वर्षांत बहुतेक पुस्तकं नापासच झाली होती. परग्रहावरचे राक्षस तर मास्तर लोणच्याबरोबर खाऊन टाकत.

त्यांची स्वतःचीही एक कादंबरी होती. ती प्रकाशकांकडून इतक्यांदा परत आली होती की कुरियरवाला तिला ओळखायला लागला होता.

अशात साडूचं पुस्तक आलं. साडू म्हणजे धाकट्या मेहुणीचा नवरा, पंख्यांच्या दुकानात विक्रेता. जन्मात लिफ्टचं बटण दाबण्यापलीकडे त्याने काही केलं नव्हतं, आणि पुस्तकातली पहिलीच कथा लिफ्टची! मास्तरांच्या बायकोने ती एका बैठकीत वाचून काढली.

"अहो, काय लिहिलंय हो! माझे तर हातपाय गार पडले."

मास्तरांच्या कादंबरीच्या दुसऱ्या प्रकरणावर ही बाई घोरली होती. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. पुस्तक पिशवीत कोंबून ते कामावर गेले.

मशीनरूममध्ये त्यांनी डबा उघडला आणि कथा वाचायला घेतली. एक माणूस रिकाम्या लिफ्टमधून चाललाय. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबते. छतावरून कोणीतरी अगदी अदबीने विचारतं, "थोडं सरकता का? मला खाली यायचंय." बस्स, एवढंच. रक्त नाही, किंकाळी नाही.

लिफ्टच्या छतावर मास्तर रोज उभे राहत. तिथे किती जागा असते, हे त्यांना ठाऊक होतं. एक माणूस आरामात बसेल एवढी. घास त्यांच्या तोंडातच राहिला. मग मोटर सुरू झाली, आणि मास्तर डबा तिथेच टाकून बाहेर आले.

हे आपल्याला सुचायला हवं होतं. छत आपलं, अंधार आपला, आणि भूत मात्र या पंखेविक्याला दिसावं? त्याच संध्याकाळी त्यांनी परीक्षण लिहिलं: 'लेखकास लिफ्टची काडीइतकी माहिती नाही. जाणकार वाचकाला या कथेत भीती वाटण्यासारखं काहीही आढळणार नाही.' लिहून झाल्यावर दोन घटका बरं वाटलं.

कामावर लिफ्ट टाळता येत नव्हती. तिथे ते मोठमोठ्याने गाणी म्हणत नटबोल्टांवर पाने फिरवत. पण राहत्या इमारतीत कोण विचारतंय? सातव्या मजल्यावर ते जिन्याने जाऊ लागले.

"गुडघे दुखतात म्हणता, आणि जिना?" बायकोने विचारलं.

"व्यायाम," मास्तर धापा टाकत म्हणाले.

रविवारी परीक्षण छापून आलं. त्याच दुपारी साडू आणि मेहुणी जेवायला येणार होती. आमंत्रण आधीच गेलेलं. मास्तर शेजारच्या इमारतीतली तक्रार उरकून, खांद्यावर हत्यारांची पिशवी घेऊन परतले, तर दोघं खाली लिफ्टमध्येच शिरत होती. साडूचा चेहरा उतरलेला. मेहुणीने तर बघूनही न बघितल्यासारखं केलं.

साडूने मात्र दार धरून ठेवलं. "या ना दादा."

आता जिन्याकडे वळणं शक्य नव्हतं. या माणसासमोर तर नाहीच! मास्तरांनी छाती काढून एक पाय आत टाकला. आणि त्यांची नजर आपोआप वर गेली. छताकडे.

साडूनेही वर पाहिलं. मग मास्तरांकडे पाहिलं. घामेजलेलं कपाळ, मधेच अडकलेला पाय. हळूहळू त्याचा उतरलेला चेहरा असा खुलला की मास्तरांना तिथल्या तिथे त्याचा गळा धरावासा वाटला. आपल्याला बघून असं कोणी कधी खुललं नव्हतं.

"दादा," साडू अगदी अदबीने म्हणाला, "थोडं सरकू का?"

मास्तरांनी पाय मागे घेतला.

"तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले, आणि जिना चढू लागले.