कंठमणींचा आवाज आणि लोकांचे कान

रंगाच्या कारखान्यातल्या प्रशिक्षण विभागात एक काटकुळे गृहस्थ होते. बोलताना त्यांच्या गळ्यातली घाटी लिफ्टसारखी वरखाली व्हायची, म्हणून लोक त्यांना कंठमणी म्हणत. खरं नाव बहुधा फक्त पगारपत्रकालाच माहीत होतं.

स्लाइडांना वाचा फोडणं हे त्यांचं काम. आग लागली तर काय करावं, पिंपं कुठे रचावीत, अशा स्लाइड नव्या कामगारांना दाखवत आणि मागून कंठमणी बोलत. एकेका स्लाइडचा आवाज वेगळा टिपायचा आणि त्या स्लाइडलाच चिकटवायचा. पुढे चित्र बदललं तरी आवाज तिथेच, घरजावयासारखा.

रेकॉर्डिंगच्या दिवशी दही बंद, पंखा बंद, शेजारच्या टेबलावरचं हसणंही बंद. एकदा ‘ज्वलनशील’ हा शब्द नीट पेटला नाही, म्हणून त्यांनी अख्खी दुपार तो पुन्हापुन्हा पेटवला. घरी मात्र घसा राखायचा म्हणून मौन.

"पिंपांशी बोलता तेवढं माझ्याशी बोला की!" बायको म्हणायची.

"अगं, तिथे माझ्या शब्दावर माणसांचे जीव अवलंबून असतात."

"आणि माझा जीव?"

"तो चिवट आहे."

निवृत्ती जवळ आली तसा कंठमणींच्या मनाला एकच ध्यास लागला: कारखान्याने आपल्याला पुढेही ठेवून घ्यावं. साहेब म्हणाले होते, "तुमच्याशिवाय कारखाना मुका होईल हो! निरोपाच्या दिवशी बघू." त्या ‘बघू’वर कंठमणी महिनाभर जगले.

त्यांच्या आयुष्यावर एक स्लाइड शो करण्याचं काम विभागातल्या ऑपरेटरकडे आलं. हा ऑपरेटर म्हणजे आळसाचा मूर्तिमंत पुतळा. कंठमणींच्या बायकोने हौसेने जुने फोटो काढून दिले. याने काय केलं, तर आगीचं जुनं प्रेझेंटेशन उघडलं, पिंपांची चित्रं काढली, फोटो बसवले आणि घरी गेला. मागचा आवाज काढायचा असतो हे त्याच्या गावीही नव्हतं.

समारंभाला हॉल भरला. पहिला फोटो, पाळण्यातले कंठमणी. मागून त्यांचाच भरदार आवाज: "हे पिंप कोरड्या जागी ठेवा."

मग लग्नाचा फोटो. "दोन ज्वलनशील पदार्थ शेजारी ठेवू नयेत."

मग सासूबाई. "धूर दिसताच जवळच्या दरवाजाने बाहेर पडा."

पहिल्या रांगेत कंठमणींना घाम फुटला. आता हशा पिकणार, आता आपली अब्रू जाणार, म्हणून ते मान खाली घालून बसले. हशा काही पिकेना. त्यांनी हळूच मागे वळून पाहिलं. कुणी मोबाइलमध्ये, कुणाचा डोळा खाऊच्या खोक्यांवर, आणि बाकीचे सगळे अगदी तल्लीन चेहऱ्याने शून्यात. तोच चेहरा ते प्रशिक्षणाच्या खोलीत वर्षानुवर्षं पाहत आले होते आणि त्याला ते एकाग्रता समजत आले होते. फक्त शेजारी बायको रुमाल तोंडात कोंबून हसण्याने गदगदत होती.

शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेब माइकवर आले. "काय ते निवेदन! डोळ्यांत पाणी आलं. ठरलं तर मग, कंठमणी पुढेही आपल्याकडेच!"

कंठमणी उठले. "साहेब, सासूबाईंच्या फोटोवर मी काय म्हणालो?"

"अहो, जे म्हणालात ते मनापासून म्हणालात!"

"मग मला हे काम नको."

साहेबांना तो विनय वाटला. पुन्हा टाळ्या.

रस्त्यात बायको म्हणाली, "मी ऐकलं हं सगळं. शब्द न् शब्द."

"तू एकटीनेच," कंठमणी म्हणाले.

कंठमणी घरी बसले, तरी आशा चिवट. आपल्यावाचून कारखान्याचं अडेल आणि साहेब स्वतः फोन करतील, असं त्यांना वाटत राहिलं. अडलं कुणाचंच नाही. नवं यंत्र आलं की ऑपरेटर चित्र बदलतो, मागे कंठमणी जुन्याच यंत्राबद्दल कळकळीने बोलत राहतात, आणि नवे कामगार सही करून बाहेर पडतात.

परवा बाजारात त्यांना हिशेब विभागातला एक जण भेटला. निरोप समारंभात सर्वांत जास्त टाळ्या यानेच वाजवल्या होत्या.

"काय कंठमणी, भरदिवसा बाजारात? आज रजा टाकलीत वाटतं?"



"हो," कंठमणी म्हणाले.