बरकतीचं कार्ड

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीतल्या उंटरावांनी जन्मात उंट पाहिला नव्हता. नाव मीच चिकटवलं. ते कसं चिकटलं, हे मी चहाच्या टेबलावर इतक्यांदा रंगवून सांगितलंय की ऐकणाऱ्यांना पाठ झालंय. फक्त त्यातला एक तुकडा मी दरवेळी गाळत आलो.

तेव्हा ते नुसते दादा होते. एकेका शब्दाचं एकेक कार्ड अकारविल्हे लाकडी खणात लावायचं, हे त्यांचं काम. अंगठ्याला रबरी टोपी, खिशात सुतळीचा तुकडा. अरबीतून आलेले शब्द त्यांचे खास लाडके; जेवणाच्या सुट्टीत एका हाताने डबा खात त्यांनी ती लिपीसुद्धा गिरवली. नशीब म्हणजे मुळात वाटा, किस्मत म्हणजे वाटणी, तकदीर म्हणजे मापून ठरवणं, हे ते घरीही ऐकवत. वहिनी म्हणाल्या होत्या, "वाटणी चालली होती तेव्हा तुम्ही कार्डं लावत बसला असाल." सआदत, म्हणजे सुख, आणि मुसाअदत, म्हणजे मदत, हे एकाच मुळातले, हे कळलं त्या दिवशी तर त्यांनी मला ते दोनदा सांगितलं.

मला खोड अशी, की अधूनमधून खोटं कार्ड खुपसायचं. 'नशीब : संपादकबाई रजेवर असणे.' दादा हसायचे, फाडायचे, पुन्हा कामाला लागायचे.

एकदा बरकतीचं कार्ड आलं. बरकत म्हणजे भरभराट. पण त्याच धातूत, कार्ड म्हणत होतं, उंटाने छाती टेकून बसकण मारण्याचाही अर्थ आहे. दादांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हे तुझंच." आमचे अरबी शब्द तपासणाऱ्या उस्तादांना ते कार्ड लिहिताना मी सकाळीच पाहिलं होतं. बोललो नाही. नुसता हसलो. दादांनी कार्ड फाडलं. मी मनात म्हटलं, उद्या सांगू, आणखी मजा येईल.

तो उद्या काही उगवला नाही. आठवड्याभरात साहाय्यक संपादकाच्या जागेसाठी दादांची मुलाखत ठरली. बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणी त्यांना समोर बसवून शब्दांबद्दल विचारणार होतं. पलीकडे संपादकबाई आणि उस्ताद; कोपऱ्यात टिपणं घ्यायला मी. उस्तादांनी बरकत विचारली. दादांनी झकास सांगितली.

"आणि उंट?"

दादा मोकळेपणाने हसले. ती आमच्यातली थट्टा, खोटं कार्ड होतं, मी फाडून टाकलं, म्हणाले.

उस्तादांनी पेनाला टोपण लावलं. "ते मी लिहिलं होतं."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी एक वाक्य बोललो असतो तरी भागलं असतं. मी मान खाली घालून लिहिलं : 'उमेदवाराने कार्ड फाडल्याचे मान्य केले.' जागा बाहेरच्या कुणाला तरी गेली.

जिन्यात दादांनी मला गाठलं. "ते खरंच तुझं नव्हतं?"

"नव्हतं."

"मग हसलास कशाला?"

मी जिना उतरू लागलो. कुणी मला काही विचारायच्या आत, दुसऱ्या दिवशी चहावर उंटाची गोष्ट मीच सांगितली, माझं ते हसू वगळून. सगळे दादांना हसले, आणि त्या दिवसापासून मी त्यांना उंटराव करून टाकलं.

दादांनी कार्ड नव्याने लिहिलं, उंटासकट, आणि माझ्यापुढे धरलं. वाचून बघ, म्हणाले, चूक नको. चूक नव्हती. त्यांनी ते खणात लावलं. आणि पुढे निवृत्त होईपर्यंत, दर नवं कार्ड लावण्याआधी मला विचारत राहिले, "हे तुझं नाही ना?"